दहा बाय दहाच्या खोलीतला ‘स्टुडिओ’ अल्बम

‘स्टुडिओ अल्बम’मधल्या स्टुडिओला आता फारसा अर्थ उरलेला नाही. ठाणे-नवी मुंबईतल्या कळवा, दिवा, घणसोली, ऐरोली इथला रॅपर पहिला अल्बम करतो तो बहुधा घरातच, कपाटाला टांगलेल्या गोधडीसमोर उभं राहून. तरी शब्द टिकलाय, कारण तो जागा सांगत नाही, वेगळेपण सांगतो. ही लाइव्ह मैफल नव्हे, दुसऱ्याच्या बीटवर, म्हणजे रॅपमागच्या संगीतावर, ठोकलेली मिक्सटेप नव्हे आणि जुन्या सिंगल्सचं गाठोडंही नव्हे.

अल्बमचा आकार मुळात तबकडीने ठरवला. १९४८ साली कोलंबिया कंपनीने ३३⅓ फेऱ्यांची लाँग प्ले आणली. एका बाजूला वीस-बावीस मिनिटं, म्हणजे सगळं मिळून चाळीसच्या आसपास. रॅपला याची गरजच नव्हती. १९७३ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या पार्ट्यांत ते रुजलं, १९७९ मध्ये ‘रॅपर्स डिलाइट’ने सिंगल म्हणून गाजलं आणि १९८० मध्ये रॅपर कर्टिस ब्लोचा पहिला अल्बम मोठ्या कंपनीने काढला, तेव्हा कुठे ते चाळीस मिनिटांच्या चौकटीत आलं. पुढे १९९१ साली अमेरिकेत रॅपर बिझ मार्कीविरुद्ध निकाल लागला. दुसऱ्याच्या गाण्यातून विचारल्याशिवाय उचललेला तुकडा ही चोरी ठरली. बीट कोणाचा, हा प्रश्न तेव्हापासून रॅपच्या अल्बमला चिकटला तो चिकटलाच.

आपल्याकडे गाडी उलटी धावली. मुंबईचा रॅपर डिव्हाइनचं ‘ये मेरा बॉम्बे’ २०१३चं, नेझीबरोबरचं ‘मेरे गली में’ २०१५चं, पण पहिला स्टुडिओ अल्बम ‘कोहिनूर’ आला थेट २०१९ मध्ये. मधली सहा वर्षं आळसात गेली नाहीत. यूट्यूबला व्हिडिओसकट एकेक गाणं लागायचं, सलग दहा गाणी ऐकवायला तिथे जागाच नव्हती. २०१६ मध्ये जिओने डेटा स्वस्त केला, फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘गली बॉय’ आणि स्पॉटिफाय भारतात एकाच महिन्यात आले आणि अल्बमला घर मिळालं. पुण्याच्या एमसी स्टॅनचा ‘तडीपार’ २०२०चा. ठाण्याच्या खाडीच्या दोन्ही काठांवर आगरी-कोळी गाण्यांनी मात्र कॅसेट, व्हीसीडी, यूट्यूब हा प्रवास रॅपच्या आधीच केलेला होता. हळदीच्या मांडवात बेंजोवर नाचलेल्या पोराला ताल शिकवावा लागत नाही. त्याला शिकवावं लागतं ते थांबणं.

अल्बम रखडतो कुठे? पहिलं कारण बीट. तयार बीट वापरायची स्वस्तातली परवानगी, म्हणजे एमपी३ लीज, घेतली की हातात एकच स्टिरिओ फाइल येते, त्यातला बेस वेगळा काढून कमी करता येत नाही. तोच बीट आणखी कुणीतरी घेतलेला असतो आणि त्याने गाणं कंटेंट आयडीत, म्हणजे यूट्यूबच्या गाणी ओळखणाऱ्या यंत्रणेत, नोंदवलं की दावा तुमच्यावर येतो. सिंगलला हे खपून जातं, अल्बमला नाही. तिथे सगळे स्टेम (प्रत्येक वाद्याची वेगळी फाइल) आणि एक्सक्लुझिव्ह हक्क हवेत, लेखी.

दुसरं कारण खोली. दहा फुटांवर समोरासमोर भिंती असल्या की साधारण ५६ हर्ट्झला आवाज घुमतो. ८०८ या ड्रम मशीनवरून आलेला रॅपचा बेस नेमका त्याच पट्ट्यात. खोलीच्या मध्यावर तो जवळपास नाहीसा होतो, म्हणून मिक्स करणारा वाढवत जातो आणि मग गाणं गाडीत लावलं की दरवाजे थरथरतात. उपाय फुकट आहे: खुर्ची मधून हलवा, हेडफोनवर आणि गाडीत तपासा. गोधडीने फक्त वरचे स्वर शोषले जातात, बेसला ती दिसतसुद्धा नाही.

आवाज २४ बिटवर घ्यावा, सगळ्यात मोठे आवाज –१२ ते –६ डीबीच्या मध्ये. पंखा बंद. घोडबंदर रोडच्या ट्रकांची घरघर ८० हर्ट्झखालचे स्वर कापणाऱ्या लो-कटने बरीच जाते. हॉर्न आणि पत्र्यावरचा पाऊस काही केल्या जात नाही, म्हणून जून ते सप्टेंबर पत्र्याखाली रेकॉर्डिंग करायचंच झालं तर सर पाहून. मराठीची स्वतःची एक अडचण आहे. फ, भ, प, ब माइकवर हवा मारतात, तेव्हा पॉप फिल्टर लावून वीतभर अंतर ठेवावं आणि माइक तोंडाच्या रेषेतून थोडा बाजूला धरावा. दुसरी अडचण लिहिण्यातली. क्रियापद शेवटी येत असल्याने ‘आहे’, ‘नाही’, ‘केला’, ‘गेला’ ही यमकं फुकटात मिळतात. मिनिटाला ९० ठोके (९० बीपीएम) असताना चार-चार ठोक्यांचे १६ बार म्हणजे जेमतेम ४३ सेकंद. त्यात आठ वेळा ‘आहे’ आलं की ऐकणारा पुढचं गाणं लावतो. यमक नामावर किंवा ओळीच्या मध्यावर नेलं की भाषा सुटी होते.

दोन वर्षांत चार खोल्यांत घेतलेले आवाज एकत्र आले की अल्बम ठिगळांचा वाटतो. जुन्या गाण्यांचे आवाज त्याच माइकवर पुन्हा घेणं हे मास्टरिंगवाल्याला (आवाजाचा शेवटचा हात फिरवणाऱ्याला) पैसे देण्यापेक्षा जास्त कामाचं. तसंही स्पॉटिफाय सगळं –१४ एलयूएफएस (आवाजाच्या मोठेपणाचं माप) इतक्याच्या आसपास आणून ठेवतं, त्यामुळे आवाज ठेचून ठेचून मोठा करण्यात हाशील नाही.

शेवटी कागद. आधी निघालेलं सिंगल अल्बममध्ये घेताना त्याचा बारा अक्षरी आयएसआरसी क्रमांक, म्हणजे रेकॉर्डिंगची ओळख, तोच ठेवावा, नाहीतर जुने प्ले वेगळे पडतात. स्पॉटिफायच्या प्लेलिस्ट संपादकांकडे गाणं निदान सात दिवस आधी पाठवायचं, आणि एका वेळी एकच. नावाचं रोमन स्पेलिंग प्रत्येक ठिकाणी एकच हवं. एक ‘एच’ जास्त पडला की त्याच नावाचा दुसराच कलाकार तयार होतो आणि अर्धा अल्बम त्याच्या खात्यात जाऊन बसतो.