किनाऱ्यावरचं घर, त्यापुढची भिंत आणि हरवलेली वाळू: सी-वॉलच्या वादाची पार्श्वभूमी

अमेरिकेत कॅलिफोर्नियापासून नॉर्थ कॅरोलायनापर्यंत सी-वॉलवरून जे भांडण चाललंय, म्हणजे समुद्रालगत घर असलेल्यांना घर वाचवायला किनाऱ्यावर भिंत बांधू द्यायची की नाही, ते खूप जुनं आहे. आणि मला विचाराल तर त्यातलं अर्धं भांडण, भिंतीची परवानगी ज्याला मिळू शकते ते "आधीपासूनचं घर" म्हणजे नेमकं कधीपासूनचं, यावरच अडलंय.

मुळात किनारा कोणाचा? रोमन सम्राट जस्टिनियनच्या इ.स. ५३३ च्या कायद्यात हवा, वाहतं पाणी, समुद्र आणि म्हणून समुद्राचा किनारा सगळ्यांच्या मालकीचा असं लिहिलंय, आणि किनारा कुठपर्यंत, तर हिवाळ्यातली सगळ्यात मोठी लाट जिथवर पोचते तिथवर. म्हणजे हद्दच सरकणारी. हा विचार पुढे इंग्लंडमार्गे अमेरिकेत आला आणि तिथे बऱ्याच राज्यांत भरतीच्या सरासरी रेषेखालची वाळू जनतेची आणि वरची घरमालकाची असं ठरलं. प्लॉटचा नकाशा कागदावर पक्का आणि भरतीची रेषा मात्र दरवर्षी थोडी आत.

भिंतीवरचा विश्वास आला तो गॅल्व्हस्टनमधून. ८ सप्टेंबर १९०० ला टेक्सासमधल्या या शहरावर चक्रीवादळ आलं, अंदाजे आठ हजार माणसं गेली. त्यानंतर १९०२ ते १९०४ मध्ये १७ फूट उंच काँक्रीटची भिंत उभी केली, शिवाय शहराची जमीन भराव टाकून उचलली, घरं जॅकवर चढवून. १९१५ च्या वादळात भिंतीने शहर सांभाळलं. ती बांधली हे बरोबरच होतं, यात मला तरी शंका वाटत नाही. पण भिंतीपुढची वाळू हळूहळू जात राहिली आणि तिथे बीच टिकवायला पुढे बाहेरून वाळू आणून टाकावी लागली. लोकांच्या लक्षात राहिलं ते वाचलेलं शहर, गेलेली वाळू कोणी मोजली नाही.

वाळू का जाते ते समजलं की पुढचा सगळा वाद समजतो. वाळूचा किनारा एका जागी बसलेला नसतो, हिवाळ्यातल्या वादळी लाटा वाळू ओढून समुद्रात नेतात, उन्हाळ्यातल्या शांत लाटा तीच वाळू परत आणून टाकतात, आणि समुद्र चढत असेल तर अख्खी पुळण जमिनीच्या दिशेने सरकते. मागे मोकळी जागा असेल तर तिची रुंदी साधारण तेवढीच राहते. मागे भिंत घातली की पाणी पुढे येतं पण भिंत हलत नाही, मधली वाळू दाबली जाते आणि संपते. त्यात लाट भिंतीवर आपटून मागे फिरताना पायथ्याची वाळू खणते, भिंतीची टोकं जिथे संपतात तिथून शेजाऱ्याची जमीन जास्त खचते मग शेजारीही भिंत मागतो, आणि कड्याची जी माती ढासळून किनाऱ्याला नवी वाळू मिळायची तीही भिंतीमागे बंद होते. भरतीला अशा जुन्या भिंतीशी गेलात तर बीचवर उतरायला केलेल्या पायऱ्या थेट पाण्यात जातात, खालच्या दोन-तीन पायऱ्यांवर शेवाळ धरलेलं असतं, आणि जिथे लोक चालायचे तिथे लाट भिंतीवर फुटत असते.

न्यू जर्सीच्या सी ब्राइटसारख्या गावांनी हे आधीच भोगलं होतं, दगडी भिंत उंच आणि पुढे वाळू नावाला. ड्यूक विद्यापीठातले भूशास्त्रज्ञ ऑरिन पिल्की हे दाखवून वर्षानुवर्षं ओरडून सांगत होते आणि नॉर्थ कॅरोलायनाने १९८५ मध्ये समुद्राकडच्या किनाऱ्यावर अशा पक्क्या भिंतींना बंदीच घातली. पुढे १९९९ मध्ये तिथलं केप हॅटेरासचं दीपगृह, अख्खं, रुळांवरून साधारण ८८० मीटर मागे नेलं. माघार घेता येते हे त्यातून दिसलं.

घरमालकांची बाजूही खरी आहे. सरकारने परवानगी दिली, बँकेने कर्ज दिलं, टॅक्स भरला आणि आता म्हणायचं समुद्र येऊ दे? हळूहळू होणारी धूप साध्या विम्यात बसतही नाही. शिवाय धूप सगळी निसर्गाची नाही, नद्यांवरच्या धरणांनी वाळू अडवली, बंदरांच्या बंधाऱ्यांनी अडवली. मेरीलंडच्या ओशन सिटीला १९३३ च्या वादळाने फोडलेली खाडी दगडी बंधारे घालून पक्की केली आणि वाळूअभावी खालच्या असाटीग बेटाचं उत्तर टोक शेकडो मीटर जमिनीकडे सरकलं. कोर्टातही मालकांचं ऐकलं गेलं. साउथ कॅरोलायनात एकाने १९८६ मध्ये ९ लाख ७५ हजार डॉलरला दोन प्लॉट घेतले, १९८८ च्या कायद्याने तिथे घर बांधणंच बंद झालं, आणि १९९२ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की जमिनीची सगळी किंमत काढून घेतली तर साधारणपणे भरपाई द्यावी लागेल. तेव्हापासून प्रत्येक राज्य नियम करताना बिचकतं.

कॅलिफोर्नियाचा पेच शब्दाचा. १९७६ च्या कोस्टल अॅक्टमध्ये, म्हणजे तिथल्या किनाऱ्याच्या कायद्यात, एकीकडे नवीन बांधकाम असं हवं की त्याला भिंत लागूच नये, आणि दुसरीकडे "अस्तित्वात असलेल्या" इमारती धोक्यात असतील तर भिंतीला परवानगी द्यावी. अस्तित्वात कधी? कायदा आला तेव्हा, की भिंतीचा अर्ज केला तेव्हा? ओरेगॉनने १ जानेवारी १९७७ ही तारीख नियमातच लिहून टाकली होती, कॅलिफोर्नियाने लिहिली नाही आणि जवळजवळ पन्नास वर्षं वाद झाला. हाफ मून बे इथे २०१६ च्या वादळात कडा एकदम २० फूट ढासळला, १९८४ च्या घरांच्या मालकांनी भिंत मागितली, किनाऱ्यावरच्या बांधकामाला परवानगी देणाऱ्या कोस्टल कमिशनने १९७२ च्या शेजारच्या बिल्डिंगपुरतीच भिंत मंजूर केली आणि ही घरं सोडली. डिसेंबर २०२४ मध्ये अपील कोर्टानेही तारीख धरली ती १ जानेवारी १९७७ चीच. मला हा निकाल पटतो, कारण दुसरा अर्थ घेतला तर आज बांधलेलं घरही उद्या "आधीपासूनचं" होतं. पण तिथे राहणाऱ्या माणसाला रात्री झोप लागत नसेल हेही तितकंच खरं.

भिंत नको तर वाळू टाका म्हणतात. मॅसॅच्युसेट्सच्या सॅलिसबरी बीचवर २०२४ मध्ये घरमालकांनी स्वतःचे जवळपास ६ लाख डॉलर घालून वाळूचा बांध केला आणि तो वादळात तीन दिवसांत वाहून गेला.

राहिली माघार. १९८० च्या दशकाच्या शेवटी केंद्राच्या पूर विम्यातून घर पडायच्या आधीच ते हलवायला विमा रकमेच्या ४० टक्क्यांपर्यंत पैसे मिळायचे, काँग्रेसने १९९४ च्या कायद्यात ती सोय बंद केली. आता पैसे मिळतात ते घर पडल्यावर. नॉर्थ कॅरोलायनाच्या रोडँथीमध्ये २०२० पासून एकामागून एक घरं समुद्रात पडतायत, आणि त्यांच्या फळ्या, खिळे, इन्सुलेशन मैलोन्मैल वाळूत पसरतं.