गुंता खाली, चूक वर

मशीनवर नवीन टीप मारून कापड उलटं केलं की खाली दोऱ्याचा भलामोठा गुंता दिसतो. बहुतेकांचा हात लगेच बॉबिनकडे, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या छोट्या रिळाकडे जातो. गुंता खाली झाला म्हणजे दोषही खालच्याच दोऱ्याचा, असा सरळ हिशोब. तो जवळजवळ नेहमी चुकतो. शिवणकामातल्या किरकिरींचं हेच वैशिष्ट्य आहे: बिघाड दिसतो एका जागी आणि त्याचं कारण बसलेलं असतं दुसरीकडे.

मशीनचा टाका दोन दोऱ्यांचा. सुई वरचा दोरा घेऊन कापडाखाली जाते, शटलचं, म्हणजे बॉबिनभोवती फिरणाऱ्या आकड्याचं, टोक त्या दोऱ्याचा फास पकडतं आणि तो अख्ख्या बॉबिनभोवती फिरवून आणतं. मग वरचा टेक-अप लिव्हर, म्हणजे मशीनच्या पुढच्या बाजूला खालीवर होणारा तो भोकाचा दांडा, जास्तीचा दोरा परत वर खेचतो. टाक्यात प्रत्यक्ष खपतो तो काही मिलिमीटरच दोरा, पण बॉबिनला वळसा घालण्यासाठी कित्येक सेंटिमीटर खाली जावा लागतो. त्यामुळे दोऱ्याचा प्रत्येक तुकडा कापडात बसण्याआधी सुईच्या नेढ्यातून पुन्हा पुन्हा खालीवर घासला जातो. स्वस्त, केसाळ दोरा मशीनमध्ये पटकन विरतो आणि तुटतो तो यामुळेच.

लिव्हर दोरा खेचतो तेव्हा तो खालून यायला हवा, रिळावरून नव्हे. त्यासाठी वर टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याचा ताण सांभाळणाऱ्या, दोन चकत्या दोरा चिमटीत धरतात. दोरा चकत्यांमध्ये बसलाच नसेल, तर लिव्हरला रिळावरून नवा दोरा ओढणं सोपं जातं आणि खालचा फास सैलच राहतो. पुढच्या टाक्याचा फास त्यावर येऊन पडतो, आणि दहाबारा टाक्यांत गुंता तयार.

दोरा चकत्यांमध्ये बसत नाही याचं नेहमीचं कारण म्हणजे तो प्रेशर फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा भाग, खाली असताना ओवलेला असतो. फूट वर असलं की चकत्या सुटतात, खाली आलं की मिटतात, आणि मिटलेल्या चकत्यांच्या कडेवरून दोरा नुसता सरकतो. पडताळा घ्यायला अर्धं मिनिट पुरतं. फूट वर ठेवून सुईजवळचा दोरा ओढा, सहज यायला हवा. फूट खाली करून ओढा, आता सुई किंचित वाकेल इतका तो अडला पाहिजे. दोन्ही वेळा सारखाच सुळकन आला, तर सगळा दोरा काढून फूट वर करून पहिल्यापासून ओवायचा. टेन्शनच्या आकड्याला तोवर हातही लावू नये.

टीप सुरू करतानाच गुंता होत असेल तर गोष्ट वेगळी. लिव्हर सर्वांत वर आणून दोन्ही दोऱ्यांची दहाएक सेंटिमीटर शेपटं फुटाखालून मागे घ्यावीत आणि पहिले दोनतीन टाके पडेपर्यंत बोटांनी धरून ठेवावीत. एवढंच.

बॉबिनच्या टेन्शनवरही संशय असेल, तर बॉबिन ठेवायची डबी, म्हणजे केस, जिथे सुटी निघते अशा मशीनमध्ये ती केस दोऱ्याला धरून लटकवून पाहावी. स्वतःच्या वजनानं तिनं जागचं हलू नये आणि हाताला हलका झटका दिला की काही सेंटिमीटर खाली उतरावं. सरसर खाली गेली तर बाजूचा स्क्रू अगदी थोडा आवळायचा, घड्याळाच्या काट्याच्या पाच मिनिटांइतका.

टाके सुटणं, म्हणजे मधले टाके पडतच नाहीत, हा दुसरा छळ. इथे मूळ सुईपाशी असतं. नेढं टोकाजवळ असलेली सुई आणि दोन दोऱ्यांचा टाका यांचं पेटंट एलियास हाउ यांना अमेरिकेत १८४६ साली मिळालं, आणि ती रचना अजून तशीच आहे. सुईच्या एका बाजूला वरपासून नेढ्यापर्यंत लांब खाच असते, दुसऱ्या बाजूला नेढ्याच्या थोडं वर एक छोटा खोलगट भाग. सुई तळाला जाऊन साधारण दोन मिलिमीटर वर येते तेव्हा लांब खाचेतला दोरा सुईबरोबर मुकाट्यानं वर सरकतो. दुसऱ्या बाजूचा दोरा मात्र कापडाला घासून अडतो आणि बाहेर फुगतो. तो फुगवटा म्हणजेच फास. शटलचं टोक नेमकं त्या क्षणी खोलगट भागाजवळून जातं. दोघांमधलं अंतर मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असतं. म्हणून सुई उलटी बसली, अर्धवट वर गेली किंवा केसभर वाकली, तरी शटलला फास सापडत नाही. दोरा नेहमी लांब खाचेच्या बाजूनं ओवायचा, हा नियम कुठल्याही मशीनला चालतो.

ताणल्या जाणाऱ्या विणीच्या कापडात सुई सरळ असूनही टाके सुटतात. सुई वर येताना मऊ कापडही तिच्याबरोबर वर उचललं जातं. कापड आणि दोरा एकत्रच हलले तर दोरा अडणार कशाला आणि फुगणार कसा? सुई जिच्या भोकातून खाली जाते ती धातूची पट्टी झिगझॅगसाठी रुंद भोकाची असेल तर हे जास्त होतं. गोल टोकाची स्ट्रेच सुई, बारीक भोकाची पट्टी किंवा कापडाखाली पातळ कागदाची पट्टी, यांपैकी एका उपायानं काम होतं. कागद नंतर फाडून टाकायचा.

सुईवरचे आकडे, उदाहरणार्थ ९०/१४, दोन पद्धतींचे आहेत. ९० म्हणजे ०.९० मिलिमीटर जाडी, १४ हा जुना क्रमांक. पातळ कापडाला ७०/१०, मध्यमला ८०/१२ किंवा ९०/१४, जीन्ससारख्या जाड कापडाला १००/१६. दोरा सुईला जुळतो का हे पाहायला हातभर दोरा सुट्या सुईत ओवून तिरका ताणून धरावा. सुई आपोआप घसरत खाली यायला हवी. अडखळली तर दोरा जाड आहे किंवा नेढं खरबरीत झालं आहे. सुई वाकली आहे का ते काचेवर दिसतं: दांड्याची सपाट बाजू काचेवर टेकवून आडवी ठेवली की सुई आणि काच यांमधली फट टोकापर्यंत सारखी असावी. आठेक तास शिवण झालं की सुई बदलावी, असं साधारण मानलं जातं. ती इतकी स्वस्त वस्तू आहे की तिच्यासाठी घासाघीस करण्यात अर्थ नाही. टीप मारताना टकटक आवाज यायला लागला, तर तासही मोजू नयेत.

शिवण झाल्यावर टिपेशी चुण्या पडतात त्याचं खापर बहुधा टेन्शनवर फुटतं. कधी ते बरोबरही असतं. पण पॉलिएस्टरचा दोरा ताणला की लांबतो आणि नंतर पूर्ववत होऊ पाहतो. बॉबिन भरताना मशीन भरधाव सोडलं तर दोरा ताणलेलाच गुंडाळला जातो, टिपेत बसतो आणि मग आखडताना कापडालाही सोबत ओढतो. मधल्या वेगानं भरलेल्या बॉबिनचा फरक पातळ कापडावर लगेच जाणवतो.

हातशिलाईत पहिलं भांडण नेढ्याशी. ओवताना दोऱ्याचं टोक वाकतं याला कारण टोकाची लांबी. सडपातळ वस्तू किती जोरानं दाबली की वाकते, याचं गणित लिओनार्ड ऑयलर यांनी अठराव्या शतकात मांडलं: तो जोर लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. बोटांबाहेर १० मिलिमीटर दोरा ठेवण्याऐवजी २ मिलिमीटर ठेवला तर वाकवायला २५ पट जोर लागेल. म्हणून दोरा चिमटीत जवळजवळ लपवावा आणि सुईच त्याच्यावर आणावी. टोक धारदार कात्रीनं तिरकं कापलेलं हवं. ओलं केल्यानं पाण्याच्या पृष्ठताणामुळे सुटे तंतू एकत्र येतात, पण कापूस पाणी पिऊन फुगतो. साधारण हवेतही कापूस ८.५ टक्क्यांच्या आसपास ओल धरतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. सुती दोरा ओला केलाच तर नखांत दाबून सपाट करावा. पॉलिएस्टरला मेणाचा हात जास्त उपयोगी.

दुसरं भांडण आपोआप पडणाऱ्या गाठींशी. दोरा पिळलेला असतो आणि प्रत्येक टाक्याला मनगट वळतं तसा सुईमार्फत त्यात थोडा पीळ वाढतो किंवा उलगडतो. एक टोक कापडात, दुसरं सुईत, त्यामुळे या जादा पिळाला बाहेर पडायला वाट नसते. दोरा सैल झाला की तो पीळ वेटोळ्याच्या रूपात प्रकटतो, आणि वेटोळ्यातून सुई गेली की गाठ. अशा वेटोळ्यांचं माप अमेरिकन गणितज्ञ ब्रॉक फुलर यांनी १९७१ साली मांडलं. तोच हिशोब पेशीत गुंडाळलेल्या डीएनएलाही लागू पडतो. शिवणाऱ्यानं करायचं ते सोपं आहे. दहाबारा टाक्यांनी कापड उचलून सुई मोकळी लोंबकळू द्यायची, ती गरगर फिरून पीळ काढून टाकते. दोरा ४५ सेंटिमीटरच्या पुढे घेऊ नये. लांब दोऱ्यात पीळही जास्त साठतो आणि नेढ्याजवळचा भाग कापडातून जास्त वेळा घासला जातो.

उसवताना सीम रिपर, म्हणजे टाके कापायचं छोटं हत्यार, टिपेवरून सरळ रेटत नेण्याचा मोह होतो आणि कापडाला भोक पडतं. एका बाजूनं दर चौथा टाका कापावा, मग कापड उलटून दुसऱ्या बाजूचा दोरा ओढावा. तो अखंड निघून येतो.

कापडाच्या कात्रीनं कागद कापू नये हा घरोघरचा दंडक निराधार नाही. कागद गुळगुळीत आणि पांढरा व्हावा म्हणून त्यात चुनखडीची किंवा केओलिन मातीची बारीक भुकटी भरलेली असते, आणि ती धार खाते. डावखुऱ्यांची तक्रारही खरीच. उजव्या हातात अंगठ्याचा दाब दोन्ही पाती एकमेकांवर दाबतो, तीच कात्री डाव्या हातात पाती एकमेकांपासून दूर ढकलते आणि कापड मध्येच दुमडतं.

राहिल्या कापडावर करायच्या खुणा. इस्त्रीच्या उष्णतेनं पुसली जाणारी पेनं हल्ली अनेकांच्या डब्यात असतात. त्यांच्या शाईत सूक्ष्म कुप्यांमध्ये रंगद्रव्य, त्याला रंग आणणारं आम्लधर्मी द्रव्य आणि एक मेणचट पदार्थ असतो. सुमारे ६० अंश सेल्सिअसला मेणचट पदार्थ वितळतो, पहिल्या दोघांची जोडी फुटते आणि खूण दिसेनाशी होते. शाई मात्र कापडातच असते, आणि शून्याच्या दहावीस अंश खाली गेलं की ती पुन्हा उमटू शकते. पाण्यानं जाणाऱ्या निळ्या पेनाचं उलटं: आधी इस्त्री फिरवली तर खूण पक्की बसू शकते, म्हणून ती साध्या गार पाण्यात, साबणाशिवाय काढायची. कुठलंही पेन वापरण्याआधी त्याच कापडाच्या कातरणीवर रेघ ओढून पाहावी. उष्णतेचं पेन असेल तर रेघ इस्त्रीनं घालवून ती कातरण रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवावी.