करवतकाठी कॅबिनेट घेण्याआधी हे वाचा

दुकानात येणारे बहुतेक जण म्हणतात, "भाऊ, सीपीयूचा मस्त डबा दाखवा, लाइटवाला." त्या डब्याचं नाव कॅबिनेट. सीपीयू म्हणजे आत बसलेली बिस्किटाएवढी चीप. पण तुमच्या डोळ्यांसमोर रोज असतो तो डबाच, म्हणून तो देखणा असावा ही तुमची मागणी आम्हाला मनापासून पटते. पोळ्याला आपण बैलाची शिंगं रंगवतो, बाशिंग बांधतो, झूल घालतो. नाकावर मात्र कोणी झूल टाकत नाही. कॅबिनेटचं नाक म्हणजे त्याची पुढची बाजू, हवा तिथूनच आत जाते.

बरीच वर्षं संगणक मळकट पांढऱ्या रंगातच यायचे. १९९८ साली अ‍ॅपलने आयमॅक काढला, निळसर-हिरव्या अर्धपारदर्शक प्लास्टिकचा, आणि संगणक घरात शोभेची वस्तू म्हणूनही बघितला जाऊ लागला. पुढे काचेची कॅबिनेटं आली, रंगीत लाइट आले. २०२२ साली फ्रॅक्टल डिझाइन या स्वीडनच्या कंपनीने पुढे लाकडी पट्ट्या लावलेलं 'नॉर्थ' आणलं. ते आम्हाला फार आवडतं. त्या पट्ट्यांमधल्या फटींतूनच हवा आत जाते, म्हणजे सजावट आणि हवेची वाट एकच.

हे आम्ही अनुभवातून शिकलो. एका राईस मिलच्या ऑफिसात आम्ही पुढून पूर्ण काच असलेलं कॅबिनेट बसवलं होतं. दिसायला झकास. मे महिन्यात दुपारी बिल काढता काढता मशीन बंद पडायला लागलं. उघडून पाहिलं तर काचेच्या कडेला हवेसाठी बोटभर फट होती आणि तिच्यात धानाचा कोंडा बसून नमद्यासारखा थर झाला होता. नखाने धरून ओढला तर अख्खी पट्टी निघून हातात आली. बाजूचं झाकण काढून ठेवलं, मशीन दिवसभर चाललं. ते कॅबिनेट आम्हीच सुचवलेलं होतं, चूक आमची होती. खोलीच ४२ अंशांवर असेल तर आतली चीप त्याच्याही वरच राहणार. हवा कोंडली की चीप आधी मंद होते, मग मशीन बंद पडतं.

तेव्हापासून आम्ही पुढची पत्रा-जाळी आपल्या करवतकाठी साडीच्या काठावरून करून घेतो. भंडारा-गडचिरोलीकडची ही कोशाची, म्हणजे टसर रेशमाची साडी तीन धोट्यांनी (आडवा धागा नेणाऱ्या नळ्यांनी) विणतात, आणि काठावर करवतीच्या दातांसारखी रांग उमटते. आम्ही तेच दात पत्र्यात कापतो. प्रत्येक दात म्हणजे एक भोक. दोन्ही कडांना दातांची रांग, मधल्या अंगात बारीक भोकं. कटिंग नागपूरला लेझरवर होतं, पण कडांची धार आम्ही इथे कानशीने एकेक करून मारतो, कारण पुसताना बोट कापलं तर त्या नक्षीचा उपयोग काय? जाळीच्या मागे चुंबकावर बसणारा नायलॉनचा फिल्टर असतो. पुढे १२० मिलिमीटरचे दोन पंखे हवा आत घेतात, मागचा एक बाहेर टाकतो. आत येणारी हवा जास्त ठेवली की फटींतून हवा बाहेरच पडते आणि धूळ फिल्टरवर अडते.

रंग पावडर कोटिंगचा. कोरडी पावडर विजेच्या भाराने पत्र्याला चिकटवतात आणि साधारण १८० ते २०० अंशांच्या भट्टीत भाजतात. स्प्रेसारखे पोपडे सुटत नाहीत. कोशाचा मातकट सोनेरी आणि काठाला कुंकवाचा लाल, हा जोड सगळ्यात खुलतो असं आमचं मत. मदरबोर्ड (सगळे भाग जोडले जातात ती मुख्य पाटी) आणि पॉवर सप्लाय जिथे स्क्रूने टेकतात ती जागा मात्र आम्ही मुद्दाम कोरी ठेवतो. तिथे रंग बसला तर अर्थिंग तुटतं. घरातच अर्थिंग नसेल तर पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, म्हणून आधी वायरमनकडून घरातला स्विचबोर्ड तपासून घ्या.

काळा रंग जास्त तापतो का, असं बरेच जण विचारतात. उन्हात हो, खोलीत नाही. फक्त काळ्यावर धूळ लवकर दिसते.

बाजूला काच हवी असेल तर देतो, टेम्पर्ड, म्हणजे तापवून कडक केलेली. ती काढून फरशीवर उभी टेकवू नका. कोपरा टाइलला टेकला तरी अख्खी काच दाणेदाणे होऊ शकते. सतरंजीवर आडवी ठेवा. लाइटची पिन स्वतः बदलू नका. तीन पिनवाला लाइट ५ व्होल्टचा, चार पिनवाला १२ चा, आणि ५ वाल्याला १२ दिले तर पट्टी जळते.

कूलरचा झोत थेट जाळीवर घेऊ नका. ओल्या हवेने धुळीचा चिखल होतो आणि स्क्रू गंजतात. फिल्टर मळणीच्या दिवसांत आठवड्याला, एरवी महिन्याला साध्या पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच बसवा. जाळीवर स्टिकर किंवा देवाचा फोटो चिकटवू नका, वरच्या झाकणावर त्यासाठी कोरी जागा सोडली आहे.

घरातल्या साडीचा काठ आवडला असेल तर त्याचा फोटो आणा. नक्षी कागदावर काढून दाखवू, पसंत पडली की मगच पत्रा कापायला जाईल. सोबत कॅबिनेट ठेवणार त्या जागेचाही फोटो आणा, म्हणजे भिंत किती जवळ आहे आणि कूलर कोणत्या बाजूला आहे ते बघून पंखे कुठे बसवायचे ते ठरवता येईल.