सभासद हा शेतकऱ्याचा ‘प्रकार’ नव्हे

ऑब्जेक्ट ओरिएंटेड, म्हणजे वस्तू आणि माणसांच्या नमुन्यांवर प्रोग्राम रचायची पद्धत, म्हणजे काय, असं इंजिनिअरिंगच्या पोरांना विचारा. हमखास उत्तर येतं: ‘प्राणी’ हा क्लास, म्हणजे साचा; ‘कुत्रा’ त्याचा वारसदार, म्हणजे प्राण्याचं सगळं आपोआप घेणारा उपक्लास. यावर मार्क मिळतात. पण निपाणीकडच्या एखाद्या साखर कारखान्याची ऊस नोंद कॉम्प्युटरवर घ्यायला बसा, मग हा कुत्रा किती कामाचा ते कळतं.

बहुतेकांची मांडणी ठरलेली: वर ‘व्यक्ती’, खाली ‘सभासद’, ‘बिगरसभासद’ आणि ‘वाहतूकदार’. दिसायला झकास. आता चिकोडी भागातला एक शेतकरी घ्या. यंदा तो बिगरसभासद म्हणून ऊस घालतो, पुढच्या हंगामात शेअर घेतो, वर स्वतःचा ट्रॅक्टरही वाहतुकीच्या कराराला लावतो. जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत ऑब्जेक्ट, म्हणजे क्लासच्या साच्यातून काढलेली एकेक नोंद, एकदा तयार झाला की त्याचा क्लास बदलत नाही. मग सभासदाचा नवा ऑब्जेक्ट करून जुन्यातली माहिती त्यात ओतायची. ओतली, तरी वजनकाट्याच्या आधीच्या पावत्या मेमरीतल्या जुन्याच ऑब्जेक्टकडे बोट दाखवत राहतात. माणूस एक, खाती दोन. बिल एका खात्यावर, ट्रॅक्टरची उचल दुसऱ्यावर. दोन्ही क्लास एकत्र करून ‘सभासद-वाहतूकदार’ काढावा, तर जावा दोन पालक क्लास घेऊच देत नाही. सी प्लस प्लस ही दुसरी भाषा देते, पण तिथे वारसा लावताना ‘व्हर्च्युअल’ हा शब्द लिहायला विसरलात तर एकाच ऑब्जेक्टमध्ये ‘व्यक्ती’च्या दोन प्रती.

क्लास आणि उपक्लास ही कल्पना ओस्लोच्या दाल आणि न्यूगार्ड यांच्या सिम्युला 67 या प्रोग्रामिंगच्या भाषेतली. वारसा कुठे लावावा याची कसोटी अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ बार्बरा लिस्कोव्ह यांनी 1987 मध्ये एका भाषणात मांडली: जिथे पालक चालतो, तिथे मूल बिनतक्रार चाललं पाहिजे. ‘महिन्याभरात प्रोग्रामर’ करणाऱ्या जाहिरातींच्या शिकवणीत हे शिकवत असतील, असं वाटत नाही.

सभासदत्व ही भूमिका आहे. तिचा वेगळा क्लास करा: शेअर नंबर, कधीपासून, कधीपर्यंत. ‘व्यक्ती’कडे अशा भूमिकांची यादी ठेवा. सभासद वारला आणि शेअर मुलाच्या नावावर झाला, तर जुन्या नोंदीला शेवटची तारीख घाला, मुलाची नवी नोंद उघडा. मागच्या पावत्या जागच्या जागी राहतात. जमिनीचंही तेच. एक तुकडा निपाणीत, उतारा कन्नडमध्ये; दुसरा हद्दीपलीकडे कागल तालुक्यात, सातबारा मराठीत; दोन्हींवर चार भावांची नावं. म्हणजे एका व्यक्तीचे अनेक तुकडे, एका तुकड्याच्या अनेक व्यक्ती. प्रत्येकाचा हिस्सा मधल्या नोंदीत, माणसात नाही आणि जमिनीतही नाही.

यूएमएल, म्हणजे क्लास आणि त्यांची नाती कागदावर काढायची प्रमाण चित्रपद्धत; तिच्या आकृतीत यासाठी साधी रेघ पुरते. पावती आणि तिच्यावरच्या वजावटीच्या ओळी यांच्यात मात्र पावतीच्या टोकाला पत्त्यातल्या चौकटच्या आकाराची भरीव खूण हवी, कारण पावती पुसली की ओळीही जातात. तीच खूण पोकळ काढली की सैल मालकीचं नातं, पण तिच्यावर मी वेळ घालवत नाही. मानकातच तिचा अर्थ मोघम ठेवलाय.