हवामान बदलाशी जुळवून घेताना बाई आणि पुरुष शेतकऱ्यांमधला फरक (नाशिक जिल्हा)

अल्पभूधारकाच्या घरात पावसाचं वेळापत्रक बिघडलं की नवरा-बायको दोघंही कामाला लागतात, पण वेगवेगळ्या कामाला. पुरुष माणूस सोसायटीत, कृषी सेवा केंद्रात नाहीतर बोरवेलवाल्याकडे जातो. बाई घरात राखलेलं बियाणं, शेळी, बचत गटातले पैसे आणि स्वतःचे जास्तीचे तास बाहेर काढते. दोन्ही गोष्टी हवामान बदलाशी जुळवून घेण्याच्याच आहेत, मात्र सरकारी कागदावर पहिली दिसते आणि दुसरी बहुतेक वेळा दिसतच नाही. ही नोंद त्या फरकाबद्दल आहे, उदाहरणं नाशिक जिल्ह्यातली आहेत.

अल्पभूधारक म्हणजे २ हेक्टरच्या, साधारण ५ एकराच्या आतली जमीन असलेला, त्यातही १ हेक्टरच्या आतला तो अत्यल्पभूधारक. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातले ८६ टक्के खातेदार या दोन गटांत मोडतात आणि सगळ्या खातेदारांत बायका आहेत साधारण १४ टक्के. आता गावाकडच्या कामकरी बायकांपैकी तीन चतुर्थांशाच्या आसपास बायका शेतीतच राबतात हे शेजारी ठेवून बघा, म्हणजे राबणारीचं नाव आणि सातबाऱ्यावरचं नाव यांत केवढं अंतर आहे ते कळतं, आणि पुढचे बरेचसे फरक इथूनच निघतात.

जिल्ह्यातलं हवामान

नाशिक एकच जिल्हा असला तरी हवामान एक नाही. पश्चिमेला इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा हा घाटमाथ्याचा आदिवासी पट्टा, धो धो पाऊस, भात, नागली, वरई, खुरासणी. पूर्वेला सिन्नर, येवला, नांदगाव, चांदवड ही पर्जन्यछायेतली अवर्षणप्रवण गावं. मधे निफाड-दिंडोरीची द्राक्षं आणि टोमॅटो, वर कसमादेचं (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) डाळिंब, आणि कांदा तर जवळपास सगळीकडेच. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट, २०१५-१६ आणि २०१८-१९ चे दुष्काळ, २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधला लांबलेला पाऊस, २०२३ चा कोरडा ऑगस्ट आणि त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला द्राक्षावर झालेली गारपीट, ही यादी इथल्या कुठल्याही शेतकऱ्याला तोंडपाठ असते. वेगळ्या वर्षी वेगळं संकट आलं तरी कोणी काय करायचं याची वाटणी मात्र बऱ्यापैकी तीच राहते.

पैशातून होणारे बदल आणि कष्टातून होणारे बदल

शेततळं खोदून त्यात प्लास्टिक अंथरणं, ड्रिप, मल्चिंग पेपर, द्राक्षावर क्रॉप कव्हर, नवीन वाण, ब्लोअर, कांदा चाळ हे सगळे पैसा आणि कागद मागणारे उपाय आहेत. सबसिडी हवी तर सातबारा पाहिजे, पीककर्ज हवं तर सातबारा पाहिजे, फळपीक विमा हवा तरी तेच. त्यामुळे हे निर्णय पुरुषाच्या हातात राहतात आणि ते चुकले तर कर्जही त्याच्याच नावावर चढतं. ही बाजू हलकी समजायचं काही कारण नाही. बागलाणात (सटाणा तालुक्यात) द्राक्षाची अर्ली छाटणी घेऊन बाजाराच्या आधी माल काढायची जोखीम घेणारा शेतकरी एका अवकाळी पावसात मणीगळ आणि घडकुज होऊन पूर्ण वर्ष गमावतो. तेल्या रोगानं डाळिंब बागा तोडून टाकायची वेळ आलेली घरंही कसमादेत भरपूर. निफाडला पारा खाली गेला की मणी तडकू नयेत म्हणून रात्रभर बागेत शेकोट्या पेटवायच्या, पहाटे ड्रिप चालू करायचं, रात्रीची लाईट आली की बिबट्याच्या भीतीत पाणी भरायला जायचं, हे जास्त करून पुरुषच करतात. कर्जापायी जीव देणाऱ्यांतही जास्त पुरुषच असतात, आणि मग तेच कर्ज विधवेच्या अंगावर येतं, जिचं त्या जमिनीवर कधी नावच नव्हतं.

बाईच्या बाजूनं बदल होतो तो कष्टातून आणि घरखर्चातून. उन्हाळ कांद्याचं उळं (बी) टाकलं आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसानं रोप सडलं तर दुसऱ्यांदा उळं आणायचे पैसे कितीदा बचत गटाच्या कर्जातून येतात, नाहीतर शेळी विकून. आपल्या भागातली संगमनेरी शेळी ही बऱ्याच घरांत बाईची स्वतःची म्हणावी अशी एकमेव मालमत्ता असते आणि दुष्काळात सगळ्यात आधी तीच बाजारात जाते. दुधाचं तसं नाही, गायीचं शेण आणि चारापाणी बाई बघते पण डेअरीचं पेमेंट ज्याच्या नावावर खातं त्याला. खाण्यातही बदल होतो, भाजी कमी, डाळ पातळ, आणि सगळ्यात शेवटी जेवणारी बाई सगळ्यात कमी जेवते. याला कुठल्याच योजनेत हवामानाशी जुळवून घेणं म्हणत नाहीत, खरं तर म्हणायला पाहिजे.

यात एक महत्त्वाची गोष्ट अशी की पैशातून केलेला उपाय कितीदा कष्टाच्या बाजूवर नवीन ओझं टाकतो. पाऊस बिघडल्यावर द्राक्षावरच्या डावणी आणि भुरी या रोगांच्या भीतीनं फवारण्या वाढतात. फवारणारा बहुतेक पुरुष, पण टाकीत पाणी भरणारी, औषधानं भिजलेले कपडे धुणारी आणि दुसऱ्या दिवशी त्याच ओल्या बागेत विरळणीला (जादा मणी काढायला), डिपिंगला (घड औषधात बुडवायला) जाणारी बाई. शेततळं झालं की उन्हाळ्यातही पीक घेता येतं, चांगलंच आहे, पण मग जी बाई उन्हाळ्यात थोडी मोकळी असायची तिचे ते दोन महिनेही निंदणी-खुरपणीत जातात. ट्रॅक्टर आणि ब्लोअरनं पुरुषाची कामं बरीच हलकी झाली, कांदा लागण मात्र अजून वाकूनच करावी लागते, पात कापणीही उन्हात बसूनच.

मजूर बाया

स्वतःचं एक-दीड एकर असलेल्या बऱ्याच बाया दुसऱ्याच्या शेतात मजुरीलाही जातात, त्यांना नुसतं शेतकरी किंवा नुसतं मजूर म्हणून चालत नाही. पेठ, सुरगाणा, हरसूलकडचे लोक भात कापून झाला की गिरणाऱ्याच्या मजूर बाजारात किंवा निफाड-दिंडोरीच्या बागांत येतात, नवरा-बायको जोडीनं, लेकरं बरोबर. छाटणीला पुरुष, डिपिंग आणि विरळणीला बाया, आणि बाईचा रोज (मजुरी) कमी. कांदा लागणीची टोळी एकरावर उक्तं (ठरावीक रकमेत अख्खं काम) घेते तेव्हा हा फरक थोडा कमी होतो म्हणून बऱ्याच बायांना उक्तं काम परवडतं, पण त्यात शरीराची पार वाट लागते. गारपीट होऊन बाग गेली तर बागायतदाराचा पंचनामा होतो, त्या बागेवर ज्यांचा हंगाम अवलंबून होता त्या टोळीचा पंचनामा कोणी करत नाही. हवामानाच्या नुकसानीत मला हा भाग सगळ्यात दुर्लक्षित वाटतो.

उन्हाचा कडाका वाढल्यापासून कित्येक गावांत बाया सकाळी लवकर जाऊन दुपारच्या आत काम उरकतात. ऐकायला सोपं वाटतं, पण त्यासाठी पहाटे चारला उठून पाणी, स्वयंपाक, डबे सगळं आधी करावं लागतं.

घाटमाथा: पाणी, बियाणं, रानभाज्या

पश्चिम पट्ट्यात पावसाळ्यात घराबाहेर पडता येत नाही एवढा पाऊस आणि मार्च-एप्रिलमध्ये पाड्यावर हंड्याची रांग. वैतरणेचं पाणी मुंबईला जातं, धरणं उशाशी, आणि बायका विहिरीच्या तळाशी उतरून वाटीनं पाणी भरतात. पाऊस संपायचा काळ पुढंमागं झाला की झरे कधी आटतील याचा भरवसा राहत नाही आणि त्याचे तास थेट बाईच्या दिवसातून जातात.

पाऊस उशिरा आला की राबातलं (भाताच्या रोपवाटिकेतलं) रोप जून होतं, मग आलेल्या पावसात सगळ्यांची भात आवणी (लावणी) एकाच आठवड्यात येते, माणसं मिळत नाहीत, आणि नागलीची लावणी मागं पडते. अशा वेळी कुठलं वाण लवकर येतं, कुठलं उतारावर तग धरतं हे माहीत असतं ते बहुतेक घरातल्या म्हाताऱ्या बाईला, कारण कणगीत राख घालून बियाणं राखणारी तीच. शेजारच्या अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांना गावठी बियाणं जपण्याच्या कामासाठी २०२० चा पद्मश्री मिळाला, तेव्हा या ज्ञानाकडे जरा लक्ष गेलं. अडचण अशी की नागली-वरईला भाव पुरेसा मिळत नाही म्हणून शेतातून ही पिकं कमी होतात, टोमॅटो, स्ट्रॉबेरी येते (सुरगाण्यात स्ट्रॉबेरी चांगली होते, घरात पैसाही येतो), आणि मग बियाण्याचा निर्णय कणगीवरून दुकानावर जातो, म्हणजे बाईकडून पुरुषाकडे. पैसा वाढला तरी वाईट वर्षी खायला काय उरतं हा प्रश्न राहतोच. कुर्डू, कवळी, शेवळं, कडूकंद अशा रानभाज्या आणि कंद यांची ओळखही बायकांकडेच आहे आणि अडचणीच्या दिवसांत घर त्यावर निघतं.

माहिती कोणापर्यंत पोचते

कृषी सहायक दारात आला की विचारतो, घरात कोणी आहे का, आणि बाई समोर उभी असून सांगते, नाही, ते मळ्यात गेलेत. द्राक्षाचे चर्चासत्र, कन्सल्टंटची व्हिजिट, हवामान अंदाजाचे व्हॉट्सअप ग्रुप, सगळीकडे पुरुष. २०२१ पासून ई-पीक पाहणी, म्हणजे सातबाऱ्यावरची पिकाची नोंद, मोबाईलवर आली, ती करायला स्मार्टफोन आणि खात्याचे तपशील लागतात, मग वाट्यानं जमीन कसणारी किंवा नवरा बाहेरगावी कामाला गेलेला असताना एकटी शेती बघणारी बाई यात मागं पडते. नुकसान भरपाईही खातेदाराच्याच खात्यात जाते.

बायका जोखीम घ्यायला घाबरतात, नवीन वाण लावत नाहीत असं सर्रास बोललं जातं. हे मत पटण्यासारखं नाही. ज्या जमिनीवर नाव नाही, ज्या कर्जावर सही नाही, तिथं जोखीम घ्यायचा अधिकारच नसतो. बचत गटानं मिळून जमीन कसायला घेतली किंवा नाव लागलं की त्याच बाया नवीन पीक लावतात, उमेद (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) आणि माविमच्या (महिला आर्थिक विकास महामंडळाच्या) गटांत हे दिसतं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत उष्णतेमुळे पुरुष कर्ता असलेल्या ग्रामीण कुटुंबांपेक्षा बाई कर्ती असलेल्या कुटुंबांचं उत्पन्न ८ टक्के जास्त घटतं, पुरामुळे ३ टक्के जास्त. हा फरक साधनं कोणाकडे आहेत यातून येतो.

सगळ्या बायका सारख्या नाहीत हेही लक्षात ठेवायला हवं. निफाडच्या बागायतदार घरातली सून, येवल्याची विधवा आणि पेठची भूमिहीन मजूर यांच्या अडचणी एकत्र करून चालत नाही. आधीच्या दोघींना नाव लागलं तर फरक पडेल, तिसरीला आधी जमीन किंवा धड रोज पाहिजे.

नाव लावण्याचे प्रयत्न

या प्रश्नात नाशिक जिल्ह्याची जागा मोठी आहे. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं, लाखो बायका आल्या होत्या, शेतकरी महिला आघाडी तिथूनच उभी राहिली. पुढं संघटनेचे नेते शरद जोशींनी लक्ष्मी मुक्तीची मोहीम चालवली, नवऱ्यानं आपणहून जमिनीचा हिस्सा बायकोच्या नावे करायचा. १९९२ साली सरकारनंही सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावायची सोय केली. वारसा हक्कात महाराष्ट्रानं १९९४ मध्ये आणि केंद्रानं २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान वाटा दिला, पण माहेर तुटू नये म्हणून बहिणी हक्कसोड पत्रावर सही करून मोकळ्या होतात आणि सासरी नाव लागत नाही. कृषिशास्त्रज्ञ एम. एस. स्वामिनाथन यांनी राज्यसभेत महिला शेतकऱ्यांच्या हक्कांसाठी खासगी विधेयक मांडलं होतं, ते २०१३ मध्ये बारगळलं.

आदिवासी पट्ट्यात थोडं वेगळं चित्र आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे देण्याची तरतूद आहे. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला पायी निघालेल्या शेतकऱ्यांच्या लाँग मार्चची मुख्य मागणी या वनजमिनीचीच होती आणि त्यात अनवाणी चाललेल्या बायका सगळ्यांनी पाहिल्या. दोघांच्या नावाचा पट्टा हातात असला तरी त्यावर पीककर्ज मिळवणं अवघड जातं म्हणून सुरगाणा-पेठकडची मागणी आता स्वतंत्र सातबाऱ्याची आहे.