जनसुनावणी, पर्यावरणविषयक (नागपूर जिल्हा)

औष्णिक वीज केंद्र, कोळसा खाण किंवा मोठा कारखाना यांना पर्यावरण मंजुरी देण्यापूर्वी परिसरातल्या लोकांचे म्हणणे प्रकल्पाच्या जागी वा जवळपास ऐकून नोंदवण्याची कायदेशीर प्रक्रिया. सुनावणीची अट १९९७ पासून आहे. आजचे स्वरूप १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन (ईआयए) अधिसूचनेने ठरवले.

नागपूरकरांना हा विषय घराजवळचा आहे. कोराडी आणि खापरखेडा ही वीज केंद्रे शहराच्या उत्तरेला आहेत. कोळसा खाणी सावनेर, कामठी, उमरेड या भागांत. कोराडीत ६६० मेगावॉटच्या आणखी दोन संचांसाठी २९ मे २०२३ रोजी, ऐन उन्हाळ्यात, सुनावणी झाली. विरोधकांचा रोख साधा होता: आहेत त्या संचांना गंधकाचा धूर रोखणारी ‘एफजीडी’ यंत्रणा आधी बसवा, मग नव्यांचे बोला. जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला होता, ती आठवणही ताजी होती. जुलै २०२३ मध्ये कळमेश्वर तालुक्यातल्या गोंडखैरीच्या भूमिगत खाणीवर (प्रकल्प अदानी समूहाचा) सुनावणी झाली, तेव्हा गावकऱ्यांनी विरोधच नोंदवला.

सुनावणी म्हणजे मतदान नव्हे. गणपूर्तीची अट नाही, आणि हात किती वर झाले हे कोणी मोजत नाही. मोजले जाते ते इतिवृत्तात उतरलेले. नवख्या आंदोलकांची पहिली चूक इथेच होते: घोषणा दणक्यात होतात आणि कागदावर ‘काही नागरिकांनी विरोध केला’ एवढीच ओळ उरते.

आयोजन महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ करते. किमान ३० दिवस आधी एका राष्ट्रीय व एका प्रादेशिक दैनिकात जाहिरात द्यावी लागते. ईआयए अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद किंवा महापालिका, जिल्हा उद्योग केंद्र आणि केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाचे प्रादेशिक कार्यालय इथे पाहायला ठेवतात. यांतले शेवटचे नागपुरातच, सिव्हिल लाइन्समध्ये आहे. इतर जिल्ह्यांना एवढी सोय नसते. मराठीत फक्त सारांश मिळतो. मूळ अहवाल इंग्रजीत, शेकडो पानांचा, आणि खरी मेख बहुधा त्याच्या परिशिष्टांत असते. म्हणून ३० दिवसांतले पहिले आठ दिवस वाचनाला द्यावेत.

वाचताना आधी पाहायचे ते हवेचे नमुने. आधारभूत (प्रकल्पाआधीच्या स्थितीची) मोजणी बहुतेकदा पावसाळा सोडून एकाच ऋतूची असते. मोजणीची ठिकाणे वाऱ्याच्या दिशेला आहेत की उलट बाजूला, हे नकाशावर तपासावे. १० किलोमीटरच्या परिघातली आपली विहीर, शाळा, नाला, संत्र्याची बाग अहवालात आहे का? नसेल, तर तोच सर्वांत मजबूत आक्षेप. भूमिगत खाणीत पाण्याची पातळी आणि वर जमीन खचणे हे दोन मुद्दे कधीही सोडू नयेत. वीज केंद्राच्या बाबतीत राख किती निघणार, कुठे साठणार आणि ती नेणार कोण, हे विचारावे.

आक्षेप एका कागदावर, एका मुद्द्यापुरता, अहवालाचा पान क्रमांक घालून आणि शेवटी नेमकी मागणी लिहून द्यावा. दोन प्रती न्याव्यात. एकीवर तारखेसह पोचेचा शिक्का घ्यावा. शंभर जणांच्या सह्यांचे एकच छापील निवेदन इतिवृत्तात एक आक्षेप म्हणून गुंडाळले जाण्याचा धोका असतो. शंभर वेगळ्या विहिरींचे शंभर अर्ज गुंडाळायला अवघड जातात. ग्रामसभेचा ठराव असेल तर तोही जोडावा.

अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी, किमान अपर जिल्हाधिकारी दर्जाचा, असतो. आधी कंपनी सादरीकरण करते, मग हजर असलेल्या प्रत्येकाला प्रश्न विचारता येतो. चित्रीकरण सक्तीचे आहे, म्हणून बोलताना नाव आणि गाव स्पष्ट सांगावे. सकाळपासून पुढच्या खुर्च्या समर्थकांनी भरणे, गाड्या करून माणसे आणणे, गावकऱ्याची पाळी येईपर्यंत दुपार टळणे हे नेहमीचेच. ज्यांना खरोखर बोलायचे आहे त्यांनी लवकर जाऊन जागा धरावी.

मांडव उधळून सुनावणी बंद पाडण्याचा मोह होतो, पण तो अंगलट येऊ शकतो. लोकांना मोकळेपणाने बोलता येईल अशी स्थानिक परिस्थिती नाही, असा अहवाल आयोजकांकडून गेला तर सुनावणीच वगळण्याची मुभा अधिसूचनेत आहे. बहिष्कार घालायचाच असेल तर कारणांसह लेखी द्यावा.

शेवटी इतिवृत्त मराठीत वाचून दाखवणे बंधनकारक असते, आणि नेमके तेव्हाच लोक उठून बस पकडायला जातात. चार-पाच जणांनी थांबून आपापले मुद्दे आले का ते ऐकावे, सुटले असतील तर तिथेच सांगावे. तरीही गाळले गेले तर मंजुरी देणाऱ्या प्राधिकरणाला थेट लिहिता येते. प्रकल्प केंद्राच्या यादीतला असेल तर पत्र दिल्लीला.

मंजुरी मिळाली तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाकडे ३० दिवसांत अपील करता येते. सबळ कारण असल्यास आणखी ६० दिवस मिळू शकतात, त्यानंतर दार बंद. गावात मंजुरीची बातमी उशिरा पोहोचते, म्हणून केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंद दर आठवड्याला पाहण्याचे काम सुनावणीच्या दिवशीच एकाकडे सोपवून ठेवावे.