पिरोजा : मागच्या बाजूने वाचायचा खडा

बुधवारी किंवा रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात अडकित्ते, घड्याळांचे सांगाडे आणि गंजकी कुलपं यांच्या ढिगात निळ्या खड्याची एखादी अंगठी किंवा डबी हाती लागते. विकणारा तिला फिरोजा म्हणतो, घेणारा टर्कॉइज म्हणतो. आपल्याकडचा जुना शब्द पिरोजा. वस्तू हातात आली की बहुतेक जण आधी रंग न्याहाळतात, पण रंगावरून वय कळत नाही. साधारण १९४० ते १९७५ या काळातल्या वस्तू जमवायच्या असतील तर वस्तू आधी उलटी करून पाहायची. ती कुठे घडली, कोणत्या दशकात घडली, कारागिराला काय मिळत होतं आणि काय मिळत नव्हतं, हे सगळं मागच्या पत्र्यावर, कोंदणाच्या काठावर आणि खड्याखालच्या भरावात राहिलेलं असतं.

हा शब्द फारसीतून आला आणि त्याच्या मुळाशी 'विजयी' हा अर्थ आहे. पुण्याच्या कॅम्पातल्या पारशी घरांतली फिरोज, पिरोजा, पिरोजशा ही नावं त्याच मुळातली. युरोपात हा खडा तुर्कस्तानच्या वाटेने पोचला म्हणून तिथे तो 'तुर्की' ठरला. नावाजलेल्या खाणी मात्र इराणात, खोरासानमधल्या निशापूरजवळ होत्या. त्याच्याही आधी इजिप्तचे लोक सिनाईच्या डोंगरातून तो काढत होते.

पिरोजा म्हणजे तांबं आणि ॲल्युमिनियम यांचं पाणी धरून ठेवणारं फॉस्फेट. निळा रंग तांब्याचा. त्यात लोह शिरलं की तो हिरव्याकडे झुकतो. कसबा पेठेतल्या तांबट आळीत जो धातू ठोकला जातो, तोच या खड्यात आकाशी होऊन बसलेला असतो. कठीणपणा मोह्सच्या मापात, म्हणजे खनिजांच्या १ ते १० अशा मोजपट्टीवर, ५ ते ६, म्हणजे रोजच्या धुळीतली वाळूसुद्धा त्याच्यावर ओरखडा काढू शकते. पण याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्याची सच्छिद्रता. तो तेल पितो, घाम पितो, मेण पितो, राळही पितो. विसाव्या शतकात या खड्यावर जे जे प्रयोग झाले ते सगळे या एका गुणामुळे झाले, आणि घरात त्याची जी नासाडी होते तीही याच गुणामुळे.

पेशवाई वळणाच्या दागिन्यांत मान मोत्याचा, माणकाचा आणि पाचूचा. पिरोजा तिथे क्वचितच. त्यामुळे पुण्यात मिळणारी या काळातली वस्तू बहुधा बाहेरून आलेली असते: इराणातून, हिमालयातून किंवा परदेशी राहून आलेल्यांच्या सामानातून अमेरिका-मेक्सिकोहून.

इराणी खड्यात सर्वांत वरची प्रत 'अंगुश्तरी', म्हणजे अंगठीजोगा: एकसारखा निळा, रेघ नाही, डाग नाही. पण संग्राहकाने जास्त लक्ष द्यावं ते फिरोजाकोबीच्या भांड्यांकडे. मशहद आणि इस्फहानमधलं हे काम. अंगठीला न चालणारे बारीक तुकडे तांब्याच्या, पितळेच्या किंवा चांदीच्या वाटीवर, फुलदाणीवर, डबीवर शेजारी शेजारी मांडतात, मधल्या फटींत लाखेची पूड वितळवून भरतात, थंड झाल्यावर घासून सपाट करतात आणि शेवटी पॉलिश करून तेलाचा हात देतात. प्रत ठरते ती फटींवरून. तुकडे एकमेकांना जवळपास टेकलेले असतील आणि लाखेची काळी रेघ केसाएवढी असेल, तर कारागिराने प्रत्येक तुकडा वेगळा निवडून बसवला आहे. अर्धा पृष्ठभाग लाखेचाच दिसत असेल तर ते घाईचं काम. लाख साधारण ७० ते ७५ अंशांना मऊ होऊन वितळू लागते, म्हणून असं भांडं एप्रिल-मे महिन्यात बंद गाडीत किंवा पश्चिमेच्या खिडकीत ठेवलं की तुकडे सरकतात आणि मग सुटतात.

हिमालयाकडचा पिरोजा बहुतेक हिरवट आणि काळ्या रेषांचा. लडाखमधला पेराक हा कपाळापासून पाठीपर्यंत जाणारा चामड्याचा पट्टा, त्याच्यावर खड्यांच्या रांगा, आणि तो आईकडून मुलीकडे जाणारा. १९५९ नंतर तिबेटमधून निघालेल्या निर्वासितांना पोटासाठी घरातले खडे विकावे लागले आणि ते दिल्ली, काठमांडूच्या बाजारांत आले. त्यामागोमाग नेपाळी पितळी डब्या, हत्ती, मासे, पिरोजा आणि पोवळ्याचे कपचे लावलेले, पर्यटकांसाठी ढिगाने बनू लागले. पोवळं म्हणून लावलेला लाल तुकडा यांत बऱ्याचदा काच किंवा प्लास्टिक असतो. तो भिंगाखाली पाहिल्याशिवाय किंमत ठरवू नये.

अमेरिकी वस्तूंत मात्र मागची बाजू सर्वांत जास्त बोलते. नैर्ऋत्य अमेरिकेतले नवाहो लोक चांदीचं काम एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिकले, खडा बसवायला साधारण १८८० च्या सुमाराला लागले. सुरुवातीला चांदी कुठून? अमेरिकी नाणी वितळवून. त्याला १८९० मध्ये आडकाठी झाली, मग मेक्सिकोचे पेसो वितळले जाऊ लागले. १९३० मध्ये तेही थांबलं आणि व्यापाऱ्यांनी पुरवलेला तयार पत्रा आणि तार वापरात आली. नाण्याची चांदी सुमारे ९० टक्के, तयार पत्रा ९२.५ टक्के. लक्ष्मी रोडवरच्या बऱ्याच सराफांकडे धातूची शुद्धता किरणांनी मोजणारं यंत्र असतं आणि त्याने वस्तूला काही होत नाही. आकडा ९० च्या आसपास आला तर वस्तू १९३० च्या आधीची असण्याचा संभव वाढतो. मोजताना डाख दिलेली जागा टाळायची, नाहीतर आकडा खाली येतो. मुलामा असेल तर उलट वर जातो. म्हणून दोन-तीन ठिकाणी मोजावं.

१८९९ पासून फ्रेड हार्वी कंपनीने सांता फे रेल्वेच्या प्रवाशांसाठी हलके, पातळ कडे मागवायला सुरुवात केली: बाण, गरुड, वीज यांचे ठसे, छोटा खडा. ही वस्तू वजनाला हलकी आणि ठसे उथळ. स्थानिक माणूस स्वतःसाठी जड कडं घडवत असे. आज दोन्ही जमवले जातात, पण एकाच भावाने घेऊ नयेत. हाताने मारलेल्या ठशाची खोली जागोजागी कमी-जास्त असते आणि मागच्या बाजूला हलका फुगवटा उमटतो. साच्यात ओतलेल्या नकलेत कडा विरघळल्यासारख्या दिसतात आणि मागे बारीक छिद्रं असतात.

त्याच भागातल्या झुनी लोकांचं काम वेगळं. मधल्या मोठ्या खड्याभोवती छोट्यांचं कडं, किंवा तांदळाच्या दाण्यासारखे टोकदार खडे, आणि प्रत्येकाला स्वतःचं करवती काठाचं कोंदण. पन्नास खडे असतील तर पन्नास कोंदणं. एका पट्टीत सगळे खडे चिकटवलेले दिसले तर ते या पद्धतीचं झुनी काम नव्हे. शेजारच्याच होपी लोकांतल्या कारागिरांची एक पिढी दुसऱ्या महायुद्धातून परतल्यावर सरकारी प्रशिक्षणातून पुढे आली आणि १९४९ मध्ये त्यांचा संघ उभा राहिला. त्यांचा भर चांदीच्या दोन थरांच्या कामावर, खडा थोडाच.

आता खड्याखालचा भराव. जुन्या अमेरिकी कामात खडा कोंदणाच्या काठापर्यंत उचलण्यासाठी आणि धक्का सोसण्यासाठी खाली लाकडाचा भुसा घालत. हा भुसा पाणी लागलं की फुगतो आणि खडा वर ढकलतो किंवा कोंदण फाकवतो. त्यामुळे अशी अंगठी घालून धुणं-भांडी करू नयेत, आणि सोनाराकडे कंपनांनी स्वच्छ करायच्या यंत्रात तर अजिबात टाकू नये. पुढे भुशाच्या जागी पुठ्ठा, प्लास्टिकचे तुकडे आले. पातळ खड्याला घासण्याआधीच मागून पाठबळ म्हणून धातूची पूड मिसळलेला काळपट इपॉक्सी (कडक होणारा कृत्रिम गोंद) लावण्याची पद्धतही रुळली. खडा निसटलेला असेल आणि खाली असा कडक काळा थर दिसला, तर वस्तू महायुद्धाच्या आधीची असल्याचं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. मात्र खडा नंतर बदललेला असू शकतो, म्हणून कोंदणाचा काठ दोनदा उचकटल्याच्या खुणा आहेत का तेही बघा.

मेक्सिकोत विल्यम स्प्रॅटलिंग या अमेरिकी कलाकाराने १९३१ च्या सुमाराला तास्को गावात कार्यशाळा काढली आणि गाव चांदीचं झालं. तिथल्या वस्तूंवर १९४८ पासून गरुडाचा सरकारी शिक्का येतो, साधारण १९७९ नंतर त्याची जागा अक्षर आणि आकड्यांनी घेतली. म्हणजे स्पष्ट गरुड दिसला की काळ जवळपास ठरलाच.

खड्यावरच्या प्रक्रियेचा इतिहासही तारखांचा पुरावा देतो. पूर्वी मेण किंवा तेल पाजत. १९५० च्या दशकात खडूसारख्या मऊ खड्यात राळ मुरवून तो टणक करण्याची पद्धत अमेरिकेत पसरली. १९७२ मध्ये पिएर गिल्सनचा कृत्रिम पिरोजा बाजारात आला. दहापट भिंगाखाली त्यात पांढुरक्या पार्श्वभूमीवर रव्यासारखे निळे कण दिसतात. असा खडा ज्या वस्तूत मूळचा आहे ती १९७२ च्या आधीची असूच शकत नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेत या दागिन्यांची लाट आली, भाव चढले आणि नकलाही तेवढ्याच वाढल्या. पुढे जानेवारी १९८० पर्यंत चांदी इतकी महागली की कितीतरी वस्तू मोडीत गेल्या, वितळल्या. आज चांगल्या वस्तू कमी दिसतात त्याचं तेही एक कारण आहे. ॲरिझोनातली स्लीपिंग ब्यूटी खाण २०१२ मध्ये पिरोजासाठी बंद झाली, त्यामुळे तिथल्या स्वच्छ निळ्या खड्याच्या नावाने आता काहीही विकलं जातं.

सर्वांत जास्त मिळणारी नक्कल म्हणजे हाउलाइट किंवा मॅग्नेसाइट ही पांढरी खनिजं, निळी रंगवलेली. कापसाच्या काडीवर ॲसिटोन घेऊन खड्याच्या कडेला, न दिसणाऱ्या जागी हलकं फिरवा. काडी निळी झाली तर रंग लावलेला आहे. लाखेच्या आणि चिकटवलेल्या कामावर ॲसिटोन वापरू नका. तापलेली सुई टोचून प्लास्टिकचा वास घेण्याची रीत अजून सांगितली जाते, पण तिने खरा खडाही कायमचा डागतो. सुटा खडा असेल तर त्याहून सरस उपाय ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा. आधी कोरडं वजन घ्या, समजा ५.४० ग्रॅम. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा आणि खडा दोऱ्याला टांगून पाण्यात सोडा, तळाला किंवा काठाला न लावता. काटा १.९८ दाखवेल तर ५.४० भागिले १.९८, म्हणजे २.७३. खडा तेवढ्याच पाण्याच्या किती पट जड आहे, ते हा आकडा सांगतो. खऱ्या पिरोजाचा आकडा बहुधा २.६ ते २.९ मध्ये येतो, हाउलाइटचा २.४५ ते २.६, मॅग्नेसाइटचा ३ च्या आसपास, प्लास्टिकचा बराच खाली. खड्याला हवेचे बुडबुडे चिकटले तर आकडा कमी येतो, ते काडीने काढून टाका. पाणी पिणाऱ्या मऊ खड्याचा आकडा फसवा असतो, म्हणून दुसरी कसोटी सोबत लागतेच. पुण्याचा स्वतःचा निळा दगड, वाघोलीच्या खाणीतला कॅव्हन्साइट, कधी कधी याच टोपलीत दिसतो. त्याचा निळा रंग व्हॅनेडियमचा, आणि तो इतका ठिसूळ की दागिन्यात टिकत नाही. तो स्फटिक म्हणूनच जपावा.

भारतातल्या त्या काळातल्या घडणीवर एका कायद्याची सावली आहे. जानेवारी १९६३ च्या सुवर्ण नियंत्रण नियमांनी १४ कॅरेटपेक्षा जास्त शुद्धतेचे नवे दागिने घडवायला बंदी आली, ती अट १९६६ मध्ये उठली आणि कायदा संपला १९९० मध्ये. पिरोजाच्या देशी अंगठीचं सोनं ५८.५ टक्क्यांच्या आसपास निघालं तर या तीन वर्षांचा विचार करायला हवा. सोन्याचं हॉलमार्किंग २००० मध्ये आणि चांदीचं २००५ मध्ये सुरू झालं, त्यामुळे जुन्या म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूवर तो शिक्का दिसला की प्रश्न विचारा. वस्तू शंभर वर्षांहून जुनी असेल तर १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होतो. १९५० ची डबी त्यात येत नाही.

खड्याचा नसूनही पिरोजी असलेला एक मोठा साठा म्हणजे जयपूरची ब्लू पॉटरी. मरत आलेली ही कला विसाव्या शतकाच्या मध्याला कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या पाठबळाने आणि कृपालसिंह शेखावत यांच्या हातांनी सावरली. शेखावतांना १९७४ मध्ये पद्मश्री मिळाली. यात चिकणमातीचा गोळा नसतो: गारगोटीची पूड, काचेची पूड, मुलतानी माती, टाकणखार आणि डिंक. पिरोजी रंग तांब्याच्या ऑक्साइडचा, गडद निळा कोबाल्टचा. क्षारयुक्त झिलईत तांबं पिरोजी होतं, शिशाच्या झिलईत हिरवं, म्हणून हिरवट झाक दिसली तर झिलई कोणती याचा संशय घ्या. फुलदाणी उलटी करून पाया पाहा. झिलई नसलेली कड पांढुरकी आणि खरखरीत हवी. ती लाल निघाली तर भांडं दुसऱ्याच मातीचं आहे. ८०० ते ८५० अंशांना एकदाच भाजलेलं हे भांडं पाणी झिरपू देतं. त्यात फुलं ठेवायची तर आत काचेचा पेला ठेवा.

राहिला सांभाळ, आणि इथेच पुण्यात सर्वांत जास्त वस्तू बिघडतात. खोबरेल तेल लावलेल्या केसांजवळ वर्षभर राहिलेले कानातले कडेपासून हिरवे होत जातात आणि तो हिरवेपणा परत जात नाही. चांदी उजळायला चिंच किंवा लिंबू लावलं तर आम्ल खड्याच्या पृष्ठभागाची चमक खातं. रिठ्याच्या पाण्यात बुडवलं तर भुसा फुगतो. खडा कोरड्या मऊ सुती कापडाने पुसायचा आणि चांदी वेगळ्या कापडाने, खड्याला न लागता. जुन्या वस्तूच्या खाचांतला काळपटपणा काढू नका. ठशाची नक्षी त्यानेच उठून दिसते. पावसाळ्यात प्रत्येक वस्तू स्वतंत्र पिशवीत, सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवावी. रबरबँड गुंडाळू नये, त्यातल्या गंधकाने चांदीवर काळा पट्टा उठतो.

दुरुस्तीला दिली तर सोनाराला आधीच सांगा की डाख देण्यापूर्वी खडा काढायचा. आच लागली की पिरोजातलं पाणी उडतं, तो तडकतो किंवा तपकिरी पडतो. खडा काढताना कोंदणाचा काठ फाटण्यासारखा असेल तर कड्याची मोडलेली पट्टी तशीच राहू द्या, आणि काढलेल्या खड्याखालचा भुसा फेकू न देता कागदाच्या पुडीत घालून वस्तूबरोबर ठेवा.